सगुणा, माहेरी मयत

माझी पणजी शंभर वर्षांपूर्वी वारली आणि तिनं माझं लग्न अडवलं.

श्रावणातली गोष्ट. सुजय देशमाने आणि त्याचे आईवडील फलटणला आमच्या घरी आले होते. सुजय आणि मी दूध-तपासणीच्या एकाच प्रयोगशाळेत काम करतो. आम्ही एकमेकांना कधीच पसंत करून टाकलं होतं, मोठ्यांनी फक्त साखरपुड्याची तारीख काढायची होती. आईनं पोह्यांवर खोबरं जरा जास्तच पेरलं होतं. बाबा पावसापाण्यावर बोलत होते. तेवढ्यात सुजयच्या आईंचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि बशी खाली ठेवली.

"मृत्युपत्रिका आलीय," त्या म्हणाल्या. "ऋतुजाच्या बाजूला लाल रेघ आहे हो."

बाबांच्या हातातला चमचा तसाच राहिला.

पूर्वी लग्न जमवताना जन्मपत्रिका बघायचे, आता मृत्युपत्रिका बघतात. मंगळ गेला आणि त्याच्या जागी आपलेच पूर्वज येऊन बसले. झालं असं की जुन्या काळी गावोगाव कोतवाल जन्ममरणाच्या नोंदी ठेवायचा. कोण गेलं, वय काय, कशानं गेलं. मोडीतली ती दप्तरं तालुक्याच्या कचेऱ्यांत कसर लागून पडली होती. मग अक्षर ओळखणारं यंत्र आलं आणि त्यानं ती सगळी वाचून काढली. मृत्युसूची सगळ्यांना खुली झाली. नाव टाका, गाव टाका, पणजोबा हजर. सुरुवातीला लोक जातीच्या दाखल्यासाठी शोधायचे, मग हौसेनं शोधायला लागले.

पुढं कायदा आला. जिवंत माणसाची जनुकं तपासून त्याचं लग्न, नोकरी, विमा ठरवायचा नाही. कायदा चांगलाच होता. पण मेलेल्याला कसलं आलंय खासगीपण? 'वंशरेषा' नावाच्या कंपनीनं नेमकं तिथंच बोट ठेवलं. तिचं यंत्र सूचीतली मढी एकमेकांना जोडतं, कोण कुणाची आई आणि कोण कुणाचा भाऊ ते ठरवतं, आणि 'धाप लागून', 'अंग सुजून' असे कोतवालाचे शब्द आजच्या आजारांत बसवतं. एकाच रक्तात एकच विचित्र मरण तीनदा दिसलं, की त्या रक्ताच्या सगळ्या जिवंत वारसांवर लाल रेघ पडते. कायदा मोडत नाही, आणि लग्न मोडतं.

सुजयच्या आईंनी फोन माझ्या हातात दिला. साल १९३८ची नोंद होती. 'सगुणा, दौलत इंगवले हिंगणवाडीकर याची बायको. वय सव्वीस. माहेरी मयत. कारण झोप जाऊन.' खाली त्याच माहेरगावच्या आणखी दोन नोंदी जोडलेल्या होत्या. सगुणाचा बाप, झोप जाऊन. सगुणाचा भाऊ, झोप जाऊन.

त्याखाली यंत्राचा खुलासा होता. मेंदूतलं एक प्रथिन चुकीची घडी घालून घेतं. मग ते शेजारच्या प्रथिनांनाही तीच घडी घालायला लावतं. होता होता झोपेचं केंद्रच पोखरलं जातं. माणसाला झोप येईनाशी होते, घाम सुटतो, एकाचे दोन दिसतात, तो बरळायला लागतो आणि काही महिन्यांत जातो. झोपेच्या गोळीनंही झोप येत नाही. दोष आईबापांपैकी एकाकडून येतो. मूल होताना नाणं उडवल्यासारखं असतं, आलं तर आलं. तो कधी पंचविशीत उठतो, कधी साठीनंतर.

"आमच्या घरात झोप जाऊन?" आई म्हणाली. "अहो, हे जेवता जेवता घोरतात."

मला मात्र दुसरंच काही दिसलं होतं. माझे वारलेले आजोबा, म्हणजे तात्या, जन्मले एक जून १९४२ला. दौलत आणि सगुणा इंगवल्यांचा धाकटा मुलगा. आणि सगुणा मेली १९३८ला.

"काकू, ह्या बाईला मरून चार वर्षं झाल्यावर मूल झालं का?" मी विचारलं.

सुजयनं लगेच कंपनीच्या मदतनीस यंत्राला विचारलं. उत्तर तयारच होतं. एक जून ही तारीख ग्राह्य धरली जात नाही. त्या काळी पोराला शाळेत घालताना गुरुजी अंदाजानं एक जून लिहीत, हे आम्हांला माहीत आहे. सबब आजोबांचा जन्म आईच्या मृत्यूच्या आत, १९३७मध्ये, सरकवला आहे.

मी थक्क झाले. यंत्राला आमच्या गुरुजींची खोड माहीत होती. आमच्या गावात निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत, हे खरंच आहे. पण म्हणून माझ्या आजोबांना पाच वर्षं मागं ढकलायचं, कारण त्यांच्या आईला मरायची घाई होती?

"पक्ष पंधरवडा होऊन जाऊ दे," सुजयच्या आई उठत म्हणाल्या. "मग बघू." त्यांचा आवाज वाईट नव्हता. माणूस घाबरला की जसा बोलतो तशा त्या बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सुजय प्रयोगशाळेच्या मागच्या बाजूला भेटला. "तू स्वतःहून तपासणी करून घे ना," तो म्हणाला. "कुणी मागू शकत नाही, पण तू केलीस तर विषयच संपतो."

"आणि दोष निघाला तर?"

तो पायानं खडा सरकवत राहिला. मी आत जाऊन फॅट मोजायला बसले. डोळ्यांत पाणी होतं आणि आकडे नीट दिसत नव्हते.

असं काही झालं की मी धनाताईकडं जाते. धनश्री माझी चुलत-चुलत बहीण. तिचे आजोबा शंकरआबा म्हणजे दौलत-सगुणाचा थोरला मुलगा, माझे तात्या धाकटे. वाटण्या कधीच झाल्या, पण फलटणला आमची घरं एका गल्लीच्या अंतरावर. तिला भाऊ नाही, मला बहीण नाही, त्यामुळं आम्ही एकमेकींना पुरलो. ती शाळेत गणित शिकवते, नवरा मंगेशदाजी बँकेत आणि चार वर्षांची ओवी; तिघंही ताईच्या आईजवळ, थोरल्या घरातच राहतात.

मी सगळं सांगितलं. ताई पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

"म्हणजे मीही त्यातच की गं," ती म्हणाली. "आणि ओवी."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माझ्या साखरपुड्याचं रडगाणं घेऊन आले होते. सगुणा तिचीही पणजीच. तिच्या घरात तर कुणाला म्हातारपण बघायलाच मिळालं नव्हतं. शंकरआबा चाळिशीत ट्रकखाली गेले आणि तिचे वडील हणमंतकाका पन्नाशीच्या आत कोरोनात. आजार उठायच्या आधीच दोघांना दुसऱ्या मरणानं गाठलं होतं, असंही असू शकतं.

"आपण दोघी एकाच होडीत," मी म्हणाले.

"होडीत बसलोय तर वल्हवू या," ताई म्हणाली. "यंत्रानं चूक केलीय ना, मग ती आपण शोधू. सूची सगळ्यांना उघडी आहे."

तेव्हापासून आम्ही मृत्युसूचीच्या मागं लागलो. म्हणजे लागली ताईच. मी संध्याकाळी तासभर बसायचे आणि कंटाळायचे. ती मात्र गावंच्या गावं चाळायची. सातारा जिल्ह्यातल्या, मग मुंबईला गेलेल्याही, सगळ्या सगुणा तिनं काढल्या. बाळंतपणात गेलेल्या, पटकीत गेलेल्या, विहिरीत पडलेल्या. वाचता वाचता माझ्या अंगावर काटा यायचा. एवढ्या बायका आणि प्रत्येकीला एकच ओळ. त्यातही स्वतःचं नाव आणि नवऱ्याचं नाव, पुढं काही नाही.

"एवढं कधी करतेस गं?" मी विचारलं.

"ओवी झोपू देत नाही, मग बसते," ती हसून म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी म्हटलं, जरा तब्येतीकडं बघ. ती म्हणाली, बघते.

भाद्रपदात अविधवा नवमी आली. नवऱ्याच्या आधी, कुंकू लावून गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी करतात. तिच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालतात, तिची ओटी भरतात. सगुणेची नवमी थोरल्या घरात पहिल्यापासून चालत आलेली. हणमंतकाका गेल्यावर ताईच्या आईनं, म्हणजे काकीनं, ती सोडली नाही. मी दर वर्षी मदतीला जाते. लग्न न झालेल्या मुलीला त्या पंगतीत मान नाही, म्हणून अळूची पानं चिरणं माझ्याकडं.

शेजारची सवाष्ण पाटावर बसली होती. काकीनं देवघरातून एक चांदीचा टाक काढला, त्यावर बाईची उभी आकृती कोरलेली. त्याला हळदकुंकू लावलं. दर वर्षी लावते. मी दर वर्षी बघते. पण शंभरदा बघितलेली गोष्टही एखाद्या दिवशीच दिसते. त्या कुंकवाकडं बघता बघता मला आमच्या घरातला फोटो आठवला.

आमच्या सोप्यात पणजीचा फोटो आहे. तात्यांची आई, सगुणाबाई. डोईवर पदर, कपाळ मोकळं, हात मोकळे. आमची पणजी विधवा होती. मग तिची अविधवा नवमी कशी?

"काकी," मी विळी बाजूला सारली. "ही सगुणा कुंकवानिशी गेली का?"

"मग? म्हणून तर नवमी," काकी म्हणाली.

"आणि आमच्याकडं फोटोत आहे ती?"

"ती दुसरी न्हवं का," काकी भातावर तूप वाढत सहज म्हणाली. "पहिली गेली तवा शंकरमामंजी रांगत व्हते. मग आजेसासऱ्यांनी दुसरी केली. तिचं नाव बी सगुणाच ठेवलं. घरात नाव मोडू न्हाई म्हनत्यात. आन् पहिलीनं तरास देऊ ने म्हनून तिचा टाक दुसरीच्या गळ्यात बांधला. सवतीचा टाक. म्हातारी मरस्तोवर घालत व्हती. जाताना मामंजींकडं दिला, म्हनाली, तुझी आई तुझ्या घरात असू दे."

"हे कुणी सांगितलं नाही कधी?"

"कुनी इचारलं न्हाई," काकी म्हणाली. "तिनं सवतीच्या पोराला सख्ख्यापरीस जास्त केलं. मग सावत्र कशापायी म्हनायचं?"

टाक थोरल्या घरात गेला आणि वाटणीत फोटो आमच्याकडं आला. एका गल्लीच्या अंतरावर दोन वेगळ्या बायका पूजेला होत्या आणि आम्ही त्यांना एक समजत होतो. यंत्रानंही तेच केलं. एका दौलतची एक सगुणा.

मी सुटले. हे मला आधी पोटात कळलं, मग डोक्यात. तात्या दुसरीचे. गुरुजींचा एक जून बरोबर होता. सव्वीस वर्षांची ती पोर माझी कुणीच नव्हती. मला मोठ्यानं हसावंसं वाटलं. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि वर बघितलं. समोर धनाताई वाढायचं भांडं घेऊन उभी होती. ती माझ्याकडंच बघत होती.

भाद्रपदातली गार हवा होती. तिच्या कपाळावरून घामाचे ओघळ येत होते. ब्लाउज पाठीला चिकटला होता. हाताची कोपरं नुसती हाडं. ती पानात खीर वाढायला वाकली आणि खीर वाटीच्या बाजूला, पाटावर पडली. जणू तिला दोन वाट्या दिसत होत्या.

"ओवीनं झोपू दिलं नाही," ती सवाष्णीला म्हणाली आणि फडक्यानं पाट पुसायला लागली.

पण ओवी तर सोप्यात जमिनीवर पसरून कधीची झोपली होती.

मी घरी कशी आले ते आठवत नाही. पहिल्या सगुणेचं रक्त शंकरआबांत, त्यांच्यातून हणमंतकाकांत, आणि तिथून ताईत. होडीतून मी उतरले होते आणि ती एकटी राहिली होती. आणि मी हसणार होते.

नवमीपासून घटस्थापनेपर्यंत मी गप्प बसले. दुरुस्तीचा अर्ज लिहायला घेतला की वाटायचं, हा मंजूर झाला की थोरल्या घराची रेघ आणखी गडद होईल, आणि ती माझ्या सहीनं होईल. पुसून टाकला की वाटायचं, उद्या सुजय दुसरीकडं बघेल. ताईला सांगायला हवं होतं, कारण या आजारावर आता एक औषध निघालंय, ते लवकर सुरू केलं तर वाट अडवतं. हे मला माहीत होतं. तरी पाय निघेनात. कुठल्या तोंडानं सांगायचं, की ताई, मला काही नाही, तुला आहे?

घटस्थापनेला सकाळी सुजयच्या आईंचा फोन आला. आवाजात सण होता.

"अगं ऋतुजा, रेघ पुसली गेली. हिरवी पत्रिका आली. मी म्हणत होते ना, काहीतरी चूक असणार. दसऱ्यालाच साखरपुडा उरकू. फक्त एक बघ हं, तुमच्या त्या थोरल्या घरावर गडद लाल आलीय. पुढं लेकराबाळांचा विषय निघतो, लोक नाव घेतात. येणंजाणं जरा बेतानं ठेव."

मी फोन ठेवला आणि सूची उघडली. मी तर अर्ज केलाच नव्हता. दुरुस्तीच्या पानावर सगळं नीट मांडलेलं होतं. 'सगुणा दौलत इंगवले या नावाच्या दोन स्त्रिया. पहिली, १९३८, माहेरी मयत. दुसरी, १९७५, मुंबईत लालबागला मुलीच्या घरी मयत, विधवा, वय अठ्ठावन्न, कारण ताप.' सोबत अर्जदारानं स्वतःच्या जनुक तपासणीचा दाखला राजीखुशीनं जोडला होता. दोष आढळला. अर्जदार धनश्री मंगेश शेडगे. तारीख नवमीच्या आधीची.

मी चप्पल न घालता धावले.

दार उघडंच होतं. ताई आतल्या खोलीत कॉटशेजारी बसली होती. कॉटवर ओवी झोपली होती. ताईनं ओठांवर बोट ठेवलं. मी तिच्या पायाशी जमिनीवर बसले.

"कधीपासून माहीत होतं?" मी कसंबसं विचारलं.

"लालबागची म्हातारी सापडली तेव्हाच," ती हळू आवाजात म्हणाली. "तिच्यापुढं विधवा लिहिलेलं. आपल्याकडं तर नवमी. मग तपासणी करून घेतली."

"मला का नाही सांगितलंस?"

"आधी तुझं सुटू दे म्हटलं. तुझ्या हातानं अर्ज झाला असता तर जन्मभर कुढत बसली असतीस. नवमीला तुझ्या तोंडावरचा आनंद बघितला मी, ऋतू. बरं वाटलं."

मी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि रडले. ती माझ्या केसांतून हात फिरवत राहिली.

"एवढ्या हजारो सगुणा," मी म्हणाले. "कशी शोधलीस गं?"

"मला झोप येत नाही ना," ताई म्हणाली. "वेळच वेळ होता."

नंतर तिनं सगळं साधेपणानं सांगितलं. मंगेशदाजींना माहीत होतं, काकीला नव्हतं. पुढच्या आठवड्यात पुण्याला जायचं होतं. मणक्यात सुई टोचून औषध देतात. आहे तिथं थांबलं तर थांबलं, गेलेलं परत येत नाही. मी तिला सुजयच्या आईंचा निरोपही सांगितला, येणंजाणं बेतानं ठेवायचा. सांगताना माझा संताप अनावर झाला.

"मी नाही जाणार त्या घरात," मी म्हणाले.

"सुजय काय म्हणाला?"

"त्याचा फोनच नाही."

"मग नको जाऊस," ताई म्हणाली. "पण लग्न कर. चांगला माणूस बघून कर." तिनं ओवीचं पांघरूण सारखं केलं. "औषध लागू पडलं तर प्रश्नच नाही. नाही पडलं तर मी कुंकवानिशीच जाणार. मग दाजींना नवमीला सवाष्ण लागेल. कुठं गल्लीत शोधत फिरतील? तू ये. अळू चिरायला नाही, पाटावर बसायला ये. आणि ओवी वाढेल तेवढं सगळं जेव."

मी हो म्हणाले. एवढं कठीण हो मी कुणालाच म्हटलं नव्हतं.

ताई पुन्हा ओवीकडं वळली. ओवीची तपासणी तिनं केली नव्हती. मोठी झाली की तिची ती ठरवेल, म्हणाली. तिथंही तेच उडवलेलं नाणं होतं, छाप की काटा, कुणालाच माहीत नव्हतं.

"किती गाढ झोपते बघ," ताई म्हणाली. "मी रोज बघत बसते."

तेवढ्यात ओवी चुळबुळली. तिनं कूस बदलली आणि डोळे किलकिले केले. ताईचा हात माझ्या केसांत थांबला. ओवी पुन्हा झोपेपर्यंत आम्ही दोघींनी श्वास रोखून धरला.